दोन वाटे मुरूम, एक वाटा वीट

२२ फेब्रुवारी, रविवार. आज आईचा डबा उलटायचा, असं सकाळी चहा घेतानाच ठरवलं.

डबा म्हणजे पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा, वरून कापलेला. त्यात जेडचं झाड आहे, जाड गोल पानांचं. आई जाऊन चार महिने झाले. हिमायतनगरचं घर आवरताना भावानं फोन केला, "ताई, ते तुझं लातूरचं झाड तेवढं घेऊन जा. म्हशीनं दोनदा तोंड घातलंय त्यात." मी ते नांदेडला आणलं. तेव्हापासून ते माझ्या गॅलरीत आहे आणि आता त्याची मुळं डब्याच्या तळातून बाहेर डोकावायला लागली आहेत. उन्हाळा तापायच्या आत माती बदलायला हवी होती.

मुरूम चाळून धुऊन ठेवला. मग वीट फोडायला बसले. वीट फोडताना आप्पा आठवतात, दरवेळी. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

आप्पा म्हणजे लातूरचे माझे घरमालक. मी वरच्या खोलीत, ते खाली एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बिदरला दिलेली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी आणि बंडीच्या खिशात कायम कसली तरी माती. माती परीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळेत ते शिपाई होते. शेतकरी कापडी पिशव्यांतून नमुने आणायचे, ते लाकडी दस्त्यानं कुटायचे आणि चाळायचे, हेच काम त्यांनी तीस वर्षं केलं. लोखंडी दस्ता चालत नाही, लोखंड मातीत उतरतं, हे ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगत. तपासणी साहेब लोक करायचे, पण आप्पांचं म्हणणं असं की अहवाल येईपर्यंत त्यांना सगळं कळलेलं असायचं. चिमूटभर माती ते जिभेच्या टोकावर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "निलंग्याकडची. चुनखडी लई." हे मी स्वतः पाहिलेलं आहे. त्यांचं बरोबर यायचं का, ते मला तपासता आलं नाही.

माणसंही ते अशीच मोजायचे. समोरच्या घरातली बाई चोपण होती, म्हणजे वरून गुळगुळीत आणि आत पाण्याचा थेंब जाऊ न देणारी. त्यांचा जावई बरड, काहीच न उगवणारा. आमदारकीला उभे राहिलेले एक गृहस्थ मत मागायला आले, तेव्हा ते दारातून वळायच्या आत आप्पा म्हणाले, "भुसभुशीत हाय. पहिल्या पावसात वाहून जातंय."

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर काटेरी आणि मांसल पानांची झाडं लावली. का, असं विचारलं तर म्हणायचे, "नळाला पाणी आठ दिवसाआड. गुलाब लावून त्याच्याशी भांडत बसू का?" बेचाळीस डबे होते. प्रत्येकाच्या तळाला खिळ्यानं पाडलेली पाच भोकं. चार नाहीत आणि सहा नाहीत.

त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते आणि नवऱ्याचं घर सोडून आले होते. कारण सांगायला एक ओळ पुरते, तो हात उचलायचा. सरकारी दवाखान्यात औषधं वाटायची नोकरी होती, पगार चालू होता, पण खोली मिळत नव्हती. सात घरं पाहिली. सातही ठिकाणी पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" आणि दुसऱ्या प्रश्नाला दार बंद. आठवं घर आप्पांचं. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि वर्तमानपत्रावर मातीचे दोन ढीग केले. एक काळा, एक लालसर.

"दोन्ही मुठीत दाबून बघा, बाई."

मी दाबले. काळ्या मातीचा लाडू झाला. लालसर माती मूठ उघडताच सुटून खाली पडली.

"कोणती चांगली?"

"रोगी कोण आहे त्यावर आहे," मी म्हटलं. दिवसभर औषधं वाटून तोंडात तेच बसलं होतं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि किल्ली काढून दिली. नवरा कुठं आहे हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. त्यांना वाटलं नसेल असं नाही. पण त्यांच्या परीक्षेत तो प्रश्न नव्हता.

मिश्रण मला त्यांनीच शिकवलं. दोन वाटे मुरूम, एक वाटा विटेचा चुरा, एक वाटा नदीची जाड वाळू, अर्धा वाटा दोन वर्षं मुरलेलं शेणखत आणि मूठभर कोळसा. काळी माती चिमूटभरही नाही. आमच्याकडची काळी माती कापसाला सोनं असते, पण ती पाणी धरून ठेवते, आणि या झाडांचं पाणी त्यांच्या पानांतच असतं. "ज्याच्या पोटात डबा हाय त्याला पुन्हा ताट वाढायचं न्हाई," असं आप्पा म्हणायचे. तुकड्यांची मापं त्यांनी डाळीच्या गिरणीतल्या टाकून दिलेल्या चाळण्यांवर ठरवली होती. तळाला हरभऱ्याएवढे तुकडे, मध्ये तुरीएवढे, वर ज्वारीएवढे. पिठासारखा बारीक चुरा फेकून द्यायचा, तो भोकं बुजवतो.

आणि मग परीक्षा. भरलेल्या डब्यावर एक तांब्या पाणी ओतायचं आणि संथपणे "ॐ नमः शिवाय" म्हणायचं. पाचव्याला पाणी खालून आलं पाहिजे. तिसऱ्यालाच आलं तर वाळू जास्त झाली. आठव्यापर्यंत आलं नाही तर सगळं पुन्हा उपसायचं. मी एकदा म्हटलं, "आप्पा, घड्याळ लावू या की." ते म्हणाले, "घड्याळाचे सेल संपतेत."

खताच्या बाबतीत ते डॉक्टरांपेक्षा कडक होते. वर्षातून दोनदा, एकदा महाशिवरात्र झाल्यावर आणि एकदा दसऱ्यानंतर, बादलीभर पाण्यात दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं एकोणीस-एकोणीस-एकोणीस. हे शेतकऱ्यांच्या ठिबकाचं खत, कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पावपटसुद्धा ते घालत नसत. "पुडी विकणारानं लिहिलंय ते." एका नर्सरीवाल्यानं त्यांना प्रेमानं हाडांच्या चुऱ्याचं खत दिलं, काटेरी झाडांना उत्तम म्हणून. पिशवीवरचं नाव मी वाचून दाखवल्यावर आप्पांनी ती चिमट्यानं उचलून परत नेऊन दिली आणि येऊन आंघोळ केली. राख घालू का, असं मी विचारलं, तर स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "राख हितं. झाडाला न्हाई. आपलं बोअरचं पाणी आधीच खारट, त्यात अजून राख घालून मारतेस का त्यांना?"

बेचाळीस डब्यांत एकच नाव असलेलं झाड होतं. ते म्हणजे हे जेड. खोड मनगटाएवढं, वय आप्पांच्या नोकरीएवढं, कारण हे एकच त्यांनी नोकरीला लागताना लावलेलं. त्याला ते म्हातारी म्हणत. कुणालाही तिची फांदी देत नसत. मुलीनं बिदरला नेण्यासाठी मागितली, तर म्हणाले, "तुझ्याकडं लाड लई व्हतेत."

दुसऱ्या वर्षी आषाढ संपताना आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलीकडे महिनाभर राहायचं होतं. जाताना त्यांनी गच्ची माझ्या ताब्यात दिली. अर्धी गच्ची उघडी, तिच्यावर पाऊस पडे. अर्ध्या गच्चीवर पत्रे होते, म्हातारी आणि नाजूक झाडं त्याखाली. "पत्र्याखालच्यांना बाराव्या दिवशी अर्धा तांब्या. विसरलीस तरी चालतंय. जास्त घातलंस तर खोली रिकामी कर." हे ते हसत म्हणाले नाहीत. आधीच्या भाडेकरूला त्यांनी याच कारणासाठी काढलं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

ते गेले आणि तिसऱ्या दिवशी आई आली. पिशवीत कपड्यांच्या दोन जोड्या आणि पितळी ताम्हणात महादेवाची पिंड. श्रावणभर राहणार होती.

"कामून आलीस, आई?"

"पोरीकडं यायला कारण लागतं व्हय?"

कारण होतं. मी परत नांदायला जावं म्हणून तिनं महिनाभर रोज अभिषेक बोलला होता, आणि तो माझ्याच घरात झाला पाहिजे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्यावर आमचं एकदा भांडण झालं. "हात तर तुझा बापबी उचलायचा," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हणून तर." त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. मी आठला दवाखान्यात जायची, ती मागे पूजा करायची.

पहिले दोन आठवडे झाडं टुमटुमीत दिसत होती. मला वाटलं, माझा हातगुण. तिसऱ्या आठवड्यात मुंग्या लागल्या. मग एका रविवारी मी म्हातारीच्या पानाला हात लावला आणि ते गळून माझ्या हातात आलं, आतून चिक्कट पाणी. बुडाशी नाक नेलं, तर नासलेल्या दह्याचा वास.

"आई, अभिषेकाचं पाणी कुठं टाकतेस तू?"

"तीर्थ हाय ते. मोरीत टाकू का, लोकांच्या पायाखाली? झाडाला घालते." आणि अभिमानानं पत्र्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या भायेरच्यांवर पाऊस पडतो. हे बिचारे कोरडेच होते. रोज थोडं थोडं सगळ्यांना वाटून घातलं."

दूध, दही, तूप, मध, साखर. वीस-बावीस दिवस, पाळीपाळीनं, पत्र्याखालच्या प्रत्येक डब्यात. तिनं चूक काय केली होती? आमच्याकडे अभिषेकाचं पाणी असंच झाडाच्या बुडाशी जातं. मीसुद्धा लहानपणी तेच केलं होतं. फक्त ते झाड जास्वंद होतं.

मी डबे उपसले, जे सडलं ते कापलं. पत्र्याखालच्या सव्वीस डब्यांतले दहा वाचले. म्हातारीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. आप्पा यायच्या आदल्या संध्याकाळी मी ट्रंक भरून दाराशी ठेवली. आई ट्रंकेकडे बघून म्हणाली, "बरंच झालं की. आता चल घरी." तिच्या हिशेबानं महादेवानं ऐकलं होतं.

आप्पा दुपारी आले, डोळ्यांवर काळा चष्मा. भिंतीला हात लावत लावत, माझ्या दाराशी ट्रंकेला अडखळून थेट गच्चीवर. मी सरळ सांगून टाकलं, "आप्पा, झाडं सडली. चूक माझ्या घरची आहे."

त्यांनी पहिल्या डब्यात बोट दुसऱ्या पेरापर्यंत घातलं, वास घेतला, मग सवयीनं जिभेला लावलं.

"दूध," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "मध बी हाय."

आई दारातून म्हणाली, "तीर्थ हाय ते, मालक."

आप्पांचा मातीचा हात आपोआप कपाळाला गेला. मग तो तिथेच थांबला. "आता मी काय बोलू?" ते शेवटी म्हणाले. "बोललो तर महादेवाला बोलल्यागत व्हईल." आणि मग, "कशासाठी घालत होता, आक्का?"

"पोरीनं नांदावं म्हणून."

त्यांनी मान हलवली. चाचपडत म्हातारीपाशी जाऊन बसले आणि खोड दाबलं. बोट आत गेलं. "चाकू आण, पोरी." त्यांनी बुडापासून चकत्या काढायला सुरुवात केली. काळी चकती, तपकिरी चकती, मग पिवळट. प्रत्येक वेळी विचारायचे, "आता?" आणि मी रंग सांगायची. एकीकडे मी विचार करत होते की आज रात्री कुठे झोपायचं, कारण आईबरोबर हिमायतनगरला जायचं नाही एवढंच माझं ठरलं होतं. शेवटी वरच्या सहा फांद्या स्वच्छ, हिरव्या निघाल्या. तीस वर्षांच्या म्हातारीतून तेवढंच उरलं. त्यांनी त्या वर्तमानपत्रावर सावलीत मांडल्या.

आई शेतकऱ्याची बायको, तिला राहवेना. "लावा की लगेच. सुकून जाईल ना ते!"

"ओली जखम मातीत घातली की सडतंय, आक्का. आठ दिस हिला माती न्हाई, पाणी न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई. तिची ती सुकली की मग बघू."

वाचणाऱ्याला वाटेल की ते माझ्याबद्दल आडून बोलत होते. नव्हते. आप्पांना आडून बोलता यायचंच नाही. माझ्याबद्दल जे बोलायचं ते त्यांनी पुढच्याच वाक्यात सरळ बोलून टाकलं.

"आणि ही ट्रंक कामून भरली?"

"तुम्ही म्हणाला होतात, खोली रिकामी कर म्हणून."

"मला महिनाभर वाकायचं न्हाई सांगितलंय. उरलेले डबे कोण बघणार? ह्या बाई?" मग आईकडे तोंड करून, "आक्का, पोरगी हितली भाडेकरू हाय. ती म्हणेल तवर खोली तिची. तुमच्या देवाला तसं सांगा. माझाबी तोच हाय, मीबी सांगतो."

आई आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच.

पण ती लगेच गेली नाही. आठ दिवस राहिली, त्या फांद्या सुकेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून आप्पा ओट्यावर बसून हुकूम सोडायचे आणि आई वरवंट्यानं वीट फोडायची.

"हे काय माती हाय? सडकेवरचा मुरूम हाय हा!"

"हरभऱ्याएवढं, आक्का. तुम्ही वाटाण्याएवढं करून राहिलात."

"आमच्या वावरात या एकदा. काठी रोवली तर पालवी फुटते."

"काठीला फुटती. हिला न्हाई फुटत."

आईनं तांब्या ओतायचा आणि दोघांनी मोठ्यानं "ॐ नमः शिवाय" म्हणायचं. सातव्याला पाणी आलं की आप्पा "उपसा" म्हणायचे आणि ती त्यांना शिव्या घालत उपसायची. सहा फांद्या सहा डब्यांत लागल्या. आई निघाली तेव्हा आप्पांनी त्यातली एक डब्यातून काढून, कागदात गुंडाळून आईच्या हातात ठेवली. सख्ख्या मुलीला न दिलेली. बसस्टँडवर आई मला म्हणाली, "तुझ्या मालकाचं डोस्कं फिरलंय." एवढंच. नांदायचा विषय तिनं त्या दिवशी काढला नाही.

पुढच्या पंचवीस वर्षांतही काढला नाही. माझा घटस्फोट झाला, नांदेडला बदली झाली, मी फ्लॅट घेतला, ती येऊन राहून गेली. बरं केलंस असंही म्हणाली नाही, वाईट केलंस असंही नाही. मी विचारलं नाही. आमच्या घरात असं विचारत नाहीत.

हिमायतनगरला तिच्या परसात ते झाड होतं, चांगलं वाढलेलं, वर काळी कुळकुळीत माती. मला त्याची गंमत वाटायची. मी आप्पांना भेटायला लातूरला जायची, तेव्हा त्यांना मुद्दाम डिवचायची. त्यांचं वय झालं होतं, पण कुणी नारळाच्या भुशात लावलेलं रोप आणलं की अजून चिडायचे, "ओला टॉवेल गुंडाळून बसवलंय त्याला!" मी म्हणायची, "आप्पा, आईनं तुमची म्हातारी काळ्या मातीत लावलीय. झकास आहे."

"खोटं."

"डोळ्यांनी बघितलंय."

"वरून बघितलंस. एकदा डबा उलटून बघ." शेवटच्या भेटीतही, अंथरुणावरून, हेच म्हणाले. "उलटून बघितलास का?" मी म्हटलं, बघते. बघितला नाही. ते जाऊन आता सहा वर्षं झाली.

२३ फेब्रुवारी, सोमवार. तर काल गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी डबा आडवा केला, कडेनं सुरी फिरवली आणि झाड ओढून काढलं. वर बोटभर काळी माती होती. तिच्याखाली लालसर ढेकूळ सुटून कागदावर पसरलं. मुरूम, विटेचे तुकडे, वाळू, कोळसा. वर ज्वारीएवढे, मध्ये तुरीएवढे. तळाला हरभऱ्याएवढे, वाटाण्याएवढा एकही नाही. डबा उलटा करून बघितला. खिळ्याची पाच भोकं.

आणि डबा तो जुना नव्हताच. चार-पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मीच तिला तेल घेऊन दिलं होतं, त्याचा होता. म्हणजे आईनं ऐंशीच्या घरात असताना, कुणी बघत नसताना, ओट्यावर बसून पुन्हा वीट फोडली होती. काळी माती नुसती वर पसरली होती, माझ्यासाठी किंवा गल्लीसाठी.

तुटलेली मुळं कापून झाड सावलीत कागदावर ठेवलं. मी चाळून ठेवलेला मुरूम पिशवीत परत भरला, त्याची गरज नव्हती.

आज सकाळी सहाला उठून आईचीच माती तिच्याच डब्यात परत भरली, हरभरा खाली, ज्वारी वर. काळी माती वेगळी काढून ती कढीपत्त्याला घातली. झाड आठ दिवसांनी लावायचं, म्हणून नुसत्या मातीच्या डब्यावर एक तांब्या पाणी ओतलं आणि मोठ्यानं म्हणायला लागले. शेजारच्या गॅलरीतल्या वहिनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

पाचव्याला पाणी आलं.

फरशी पुसली, डबा वाळायला ठेवला आणि नऊच्या ड्यूटीला गेले.